इंग्रजी बोलताना समजले नाही तर पुन्हा कसे विचारावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील मराठी माणसाचा इंग्रजीशी संबंध बहुधा टप्प्याटप्प्याने येतो. प्राथमिक शाळा मराठीतून होते, पाचवीपासून बहुतेक शाळांत माध्यम इंग्रजी होते, आणि पुढे नोकरी, बँक, इस्पितळ, विमानतळ, हॉटेल अशा सगळ्या ठिकाणी ती भाषा कानावर पडत राहते. वाचता येते, लिहिताही येते; अडते ते समोरचा माणूस भरभर बोलून थांबतो आणि उत्तराची वाट पाहू लागतो तेव्हा. त्या क्षणी काय म्हणावे, याविषयी शिकणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ती मोठ्याने म्हणून तोंडात बसवावीत.

पुन्हा विचारले तर आपले इंग्रजी कच्चे आहे, असे समोरच्याला वाटणार नाही का?

ही भीती सर्वांत मोठी आहे आणि माझ्या मते ती सर्वांत निराधारही आहे. भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली जगातील १२ भाषांमधील रोजच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या भाषांत इंग्रजी, रशियन, चिनी यांच्या जोडीला फार थोड्या लोकांच्या भाषा आणि एक खुणांची भाषाही होती. माणसे आपल्याच भाषेत, घरच्या आणि ओळखीच्या लोकांशी बोलत असतानाही सरासरी दर १.४ मिनिटाला एकदा कोणीतरी ‘काय?’, ‘कोण?’, ‘म्हणजे?’ असे विचारून बोलणाऱ्याला थांबवते, असे त्यात आढळले. म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, ती माणसेही एकमेकांना सतत पुन्हा विचारत असतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दहा मिनिटे उभे राहून कान दिला, तर ‘कितीला म्हणालात?’, ‘कुठची, हरमलची का?’ असे प्रश्न किती सहजपणे विचारले जातात हे लक्षात येईल. तेथे कोणी कोणाची भाषा तोलत नाही.

समोरच्याचे मत वाईट होते ते वेगळ्याच कारणाने. न समजता ‘येस, येस’ म्हटले, आणि पाच मिनिटांनी सांगितले होते त्याच्या उलट काम केले, म्हणजे त्याचा विश्वास उडतो. विचारणारा माणूस त्याला काळजीपूर्वक काम करणारा वाटतो. पंचतारांकित हॉटेलपासून जहाजाच्या इंजिनखोलीपर्यंत हेच चालते.

‘व्हॉट?’ असे म्हटले तर काय बिघडते? मराठीत आपण ‘काय?’ म्हणतोच.

मराठीत नुसते ‘काय?’ आपण बरोबरीच्या माणसाला म्हणतो; वडीलधाऱ्या किंवा परक्या माणसाला ‘काय म्हणालात?’ असे विचारतो. तो आदर क्रियापदातून येतो. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद उरलेला नाही, त्यामुळे आदराचे ओझे दुसऱ्या शब्दांवर आणि आवाजाच्या चढउतारावर पडते. म्हणून ‘सॉरी?’ असे शेवटी आवाज थोडा वर नेऊन म्हणावे. हे ‘सॉरी’ माफी मागण्याचे नव्हे. ‘ऐकू आले नाही, पुन्हा सांगता का?’ एवढाच त्याचा अर्थ असतो. तोच शब्द आवाज खाली नेऊन म्हटला, तर मात्र ऐकणारा आपण कशाबद्दल क्षमा मागतो आहोत याचा विचार करू लागतो.

‘पार्डन?’ हेही चालते. ते थोडे जुन्या वळणाचे आणि ब्रिटिश आहे. ‘कम अगेन?’ आपल्याकडे सर्रास वापरले जाते आणि आपल्या माणसांत त्यात काहीच चूक नाही, परंतु परदेशी पाहुण्याशी बोलताना ‘सॉरी?’ अधिक सुरक्षित आहे. ‘प्लीज रिपीट’ हे व्याकरणाने बरोबर असले तरी ऐकायला हुकमासारखे लागते. त्याऐवजी ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ हे पूर्ण वाक्य पाठ करावे. ‘रिपीट अगेन’ असे दोन्ही शब्द एकत्र वापरू नयेत.

मी ‘सॉरी?’ म्हणतो, पण समोरचा तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणतो आणि मला पुन्हा समजत नाही. मग काय करावे?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

‘सॉरी?’ एवढेच म्हटले, की नेमके काय निसटले हे बोलणाऱ्याला कळत नाही. तुम्हाला ऐकू आले नाही असे समजून तो तेच शब्द मोठ्याने म्हणतो. अडचण आवाजाची नसून एखाद्या शब्दाची किंवा वेगाची असेल, तर त्याचा उपयोग होत नाही. त्यामुळे जेवढे समजले तेवढे आपण धरून ठेवावे आणि जे निसटले तेवढेच मागावे.

कांदोळीच्या एखाद्या हॉटेलातील स्वागतकक्षाचे उदाहरण घेऊ. ब्रिटिश पाहुणा येऊन म्हणतो, ‘वुई नीड अ टॅक्सी टू मोपा ॲट हाफ सेव्हन ऑन थर्सडे, अँड कॅन वुई कीप द रूम टिल देन?’ नव्याने कामाला लागलेल्या मुलीला टॅक्सी, मोपा विमानतळ आणि गुरुवार हे तिन्ही समजले; वेळ समजली नाही, आणि शेवटचे खोलीविषयीचे वाक्य अर्धवट समजले. तिने ‘सॉरी?’ म्हटले, तर सगळे वाक्य पुन्हा अंगावर येईल. त्याऐवजी तिने ‘अ टॅक्सी टू मोपा ऑन थर्सडे, ॲट व्हॉट टाइम, सर?’ असे विचारले, की पाहुण्याला दोन गोष्टी कळतात : बाकीचे तिला नीट समजले आहे, आणि तिला फक्त वेळ हवी आहे. तो तेवढीच पुन्हा सांगेल, आणि एकटा शब्द ऐकणे लांब वाक्य ऐकण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

आता तो पुन्हा ‘हाफ सेव्हन’ असेच म्हणाला असे धरू. ब्रिटिश बोलण्यात याचा अर्थ साडेसात. परंतु जर्मन माणूस आपल्या भाषेत याच धाटणीने ‘अर्धे सात’ म्हणतो, तेव्हा त्याला साडेसहा अभिप्रेत असतात, आणि इंग्रजी बोलताना त्याच्या तोंडून हेच शब्द चुकून तसेच निघू शकतात. म्हणून येथे तिसरी पायरी घ्यावी : आपल्याला जो अर्थ वाटतो तो स्वतः म्हणून दाखवावा. ‘सेव्हन थर्टी इन द इव्हनिंग?’ आता पाहुण्याला फक्त हो म्हणायचे आहे किंवा चूक दुरुस्त करायची आहे. तोपर्यंत खोली ठेवता येईल का, असे त्याने विचारले आहे, त्यावरून वेळ संध्याकाळची असावी हा अंदाज बांधता येतो. तरीही अंदाजावर टॅक्सी ठरवू नये. मोपाचे विमान चुकले तर पाहुण्याचे तिकीट जाते आणि बोलणी त्या मुलीला खावी लागतात.

खोलीच्या प्रश्नासाठीही तीच रीत. ‘यू वॉन्ट टू कीप द रूम अंटिल सेव्हन थर्टी, राइट?’

वर उल्लेख केलेल्या अभ्यासात हेही दिसून आले, की भाषा कोणतीही असो, माणसे शक्य तितका नेमका प्रश्न निवडतात आणि अगदीच काही कळले नसेल तरच मोघम ‘काय?’ म्हणतात. मराठीत आपणही नकळत असेच करतो. इंग्रजी बोलताना घाबरल्यामुळे ही उपजत रीत सुटते. ती परत आणणे एवढेच काम आहे.

पाठ करण्यासारखी वाक्ये कोणती?

फार नकोत. पुढील सहा वाक्ये पक्की बसली, तर बहुतेक प्रसंग निभावतात.

‘सॉरी, आय डिडन्ट कॅच द लास्ट पार्ट.’ शेवटचा भाग निसटला असेल तेव्हा. ‘लास्ट पार्ट’च्या जागी ‘नेम’, ‘डेट’, ‘अमाउंट’ असा हवा तो शब्द घालता येतो.

‘कुड यू स्पीक अ लिटल स्लोअर, प्लीज?’ वेग कमी हवा असेल तेव्हा. बोलणारा दोन वाक्यांनंतर पुन्हा आपल्या वेगावर जातो, हे गृहीत धरावे. पुन्हा सांगायला संकोच करू नये.

‘व्हॉट डज दॅट मीन?’ शब्द ऐकू आला पण अर्थ माहीत नाही तेव्हा. शब्द आपण उच्चारू शकत असू, तर ‘दॅट’च्या जागी तोच शब्द म्हणावा.

‘कुड यू से इट अनदर वे?’ तेच शब्द नकोत, वेगळे शब्द हवेत असे सांगायचे असेल तेव्हा. हे वाक्य फार कमी जणांना ठाऊक असते आणि ते फार उपयोगी आहे.

‘डू यू मीन धिस वन ऑर दॅट वन?’ दोन शक्यतांपैकी एक निवडायची असेल तेव्हा.

‘लेट मी चेक.’ असे म्हणून आपल्याला समजलेले सगळे परत म्हणून दाखवावे.

आकडे ऐकताना हमखास घोटाळा होतो. त्यासाठी काही युक्ती आहे का?

आहे. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ या जोड्या एरवीही जवळच्या आहेत. त्यातून फोनवर शेवटचा ‘न’ दबतो. शिवाय ‘फिफ्टीन’ नंतर लगेच ‘रूम्स’सारखा शब्द आला, की जोर पहिल्या भागावर सरकतो आणि फरक आणखी पुसट होतो. म्हणून ‘फिफ्टीन?’ असे परत विचारू नये, कारण तुमचा उच्चारही त्याला तितकाच संदिग्ध वाटेल. आकडे सुटे करून विचारावेत : ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?’

फोन नंबर घेताना आपण ‘डबल टू’, ‘ट्रिपल नाइन’ म्हणतो. ब्रिटिश माणसाला ही पद्धत परिचित असते. अमेरिकन माणूस गोंधळू शकतो, तेव्हा त्याच्याशी एकेक आकडा म्हणावा. लाख आणि कोटी परदेशी माणसाला बहुधा कळत नाहीत, म्हणून रक्कम मोठी असेल तर ती कागदावर अंकांत लिहून दाखवावी. तारखेचेही तसेच : ५/६ म्हणजे आपल्याकडे पाच जून, अमेरिकेत सहा मे. महिन्याचे नाव विचारून घ्यावे.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांत मला फरकच ऐकू येत नाही. हा माझ्या कानाचा दोष आहे का?

मुळीच नाही. होकारार्थी वाक्यात ‘कॅन’ हा शब्द इतका हलका म्हटला जातो, की तो ‘कन्’ किंवा नुसता ‘क्न’ असा ऐकू येतो. नकारार्थी शब्दावर मात्र जोर असतो. अमेरिकन बोलण्यात ‘कान्ट’चा उच्चार ‘कॅन्ट’ असा होतो आणि शेवटचा ‘ट’ बहुधा गिळला जातो, त्यामुळे स्पष्ट ‘कॅन’ ऐकू आले म्हणून आपण हो समजतो आणि बोलणाऱ्याने नाही म्हटलेले असते. हे अर्थाचे थेट उलटे टोक असल्यामुळे येथे शंका ठेवू नये. ‘सो आय कॅन, ऑर आय कॅनॉट?’ असे ‘कॅनॉट’ पूर्ण उच्चारून विचारावे. आपण स्वतः बोलतानाही ‘कान्ट’ऐवजी ‘कॅनॉट’ म्हटले, तर समोरच्यालाही सोपे जाते.

मी ‘येस’ म्हटले आणि समोरच्याने उलट अर्थ घेतला. असे का झाले?

प्रश्न नकारार्थी असला पाहिजे. पर्यटनाच्या हंगामात हा घोटाळा गोव्यात रोज होत असणार. पाहुणा विचारतो, ‘यू डोन्ट हॅव एनी रूम्स टुनाइट?’ मराठीत आपण म्हणतो, ‘हो, नाहीत.’ म्हणजे तुम्ही म्हणता ते खरे आहे. त्याच न्यायाने आपण ‘येस’ म्हणतो. इंग्रजीत मात्र हो किंवा नाही हे वस्तुस्थितीला धरून असते : खोल्या नसतील तर उत्तर ‘नो’. त्यामुळे आपले ‘येस’ ऐकून पाहुणा सामान आत आणायला लागतो.

कार्यालयातही तेच. ‘यू हॅवन्ट पेड द फी?’ या प्रश्नावर ‘येस’ म्हटले, तर इंग्रजी मातृभाषा असलेला अधिकारी पैसे भरले असे समजू शकेल. गोव्यातला अधिकारी आपल्यासारखाच विचार करत असेल, तर भरले नाहीत असे समजेल. एकाच उत्तराचे दोन अर्थ होण्याची ही जागा आहे. ‘डू यू माइंड वेटिंग?’ हा त्याचाच भाऊबंद : थांबायला हरकत आहे का, असा तो प्रश्न असल्याने ‘येस’ म्हणजे हरकत आहे.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे. नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ किंवा ‘नो’ एवढेच उत्तर देऊ नये; पूर्ण वाक्य बोलावे. ‘वुई डोन्ट हॅव एनी रूम्स.’ ‘आय हॅव पेड द फी.’ आणि आपण विचारणारे असू, तेव्हा नकारार्थी प्रश्नच विचारू नये.

याच ठिकाणी मानेचा उल्लेख केला पाहिजे. आपण मान डोलावतो ती ‘ऐकतो आहे’, ‘ठीक’, ‘पाहू’ अशा अनेक अर्थांनी. परदेशी माणसाला त्या आडव्या डोलण्याचा अर्थ लागत नाही. काहींना तो नकार वाटतो. समजले नसताना सवयीने मान डोलावणे तर त्याहून वाईट, कारण बोलणारा त्यालाच होकार समजून पुढे जातो. समजेनासे झाले, की मान स्थिर ठेवावी आणि हात किंचित वर करून ‘सॉरी, वन सेकंद’ म्हणावे. शरीर थांबले, की समोरचाही थांबतो.

फोनवर किंवा रेडिओवर बोलताना तोंड दिसत नाही. तेथे काय करावे?

फोनवर ओठ आणि हातवारे दोन्ही जातात, म्हणून तेथे परत म्हणून दाखवण्याला पर्याय नाही. इंग्रजी मुळाक्षरांत ‘बी, डी, पी, टी, व्ही’ ही अक्षरे ऐकायला एकसारखी असतात. त्यासाठी वैमानिक आणि खलाशी ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा’ ही अक्षरमाला वापरतात. ती सध्याच्या रूपात १ मार्च १९५६ पासून विमान वाहतुकीत लागू आहे. आपल्याला ती सगळी पाठ करण्याची गरज नाही. ‘व्ही फॉर व्हिक्टर, बी फॉर बॉम्बे’ एवढे पुरते. नाव ऐकताना ‘कुड यू स्पेल दॅट?’ असे विचारावे.

गोव्यात यात एक खास अडचण आहे. आपण डिचोली, पेडणे, साखळी, केपे म्हणतो; रोमन लिपीत ही नावे पोर्तुगीज वळणाने लिहिली जातात आणि बाहेरचा माणूस ती अक्षरशः वाचतो. फोनवरून कोणी ‘बिचोलिम’, ‘पेर्नेम’, ‘सँक्वेलिम’, ‘क्वेपेम’ म्हणाले, तर तेथेच राहणाऱ्या माणसालाही आपलेच गाव ओळखू येत नाही. माल पोहोचवणाऱ्या किंवा टॅक्सी चालवणाऱ्या मुलांनी ही लिखित रूपे एकदा कागदावर उतरवून त्यांचे असे उच्चार ऐकून ठेवावेत, आणि शंका आली तर ‘इज इट निअर मापुसा ऑर निअर पोंडा?’ असे जवळच्या मोठ्या गावावरून विचारावे. म्हापसा आणि फोंडा यांना बाहेरचे लोक असेच म्हणतात.

जहाजावर जाणाऱ्या तारवटींसाठी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर २००१ मध्ये समुद्रावरील संवादासाठी ठराविक इंग्रजी वाक्यांचा संच स्वीकारला. त्यात ऐकू आले नाही तर म्हणायचे शब्द ठरलेले आहेत : ‘से अगेन.’ रेडिओवर नम्रतेची लांब वाक्ये अपेक्षित नसतात. तेथे स्पष्टता हीच नम्रता आहे. विमान वाहतुकीतही ‘से अगेन’ हेच म्हणतात, आणि मिळालेली सूचना वैमानिकाला परत म्हणून दाखवावी लागते.

न विचारण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दिसले. धुक्यात एका विमानाच्या वैमानिकाने उड्डाणाची परवानगी मिळाली असे समजून वेग घेतला, आणि धावपट्टीवर असलेल्या दुसऱ्या विमानावर ते आदळले. ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. नियंत्रकाने आणि वैमानिकाने वापरलेले शब्द संदिग्ध होते, आणि दोन संदेश एकाच वेळी आल्यामुळे महत्त्वाचा भाग ऐकू आला नाही. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे का, अशी शंका विमानातील फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. परंतु ती कॉकपिटमध्येच राहिली, नियंत्रकाला कोणी विचारले नाही. आज आंतरराष्ट्रीय मार्गांवरील वैमानिक आणि नियंत्रक यांना इंग्रजीच्या ६ पातळ्यांपैकी किमान चौथी पातळी गाठावी लागते, आणि त्या पातळीच्या वर्णनात गैरसमज झाल्यासारखा वाटला तर तपासून, खात्री करून, स्पष्टीकरण मागून तो दूर करता येणे याचा समावेश आहे. विचारता येणे हा भाषा येण्याचाच भाग म्हणून तेथे मोजला जातो.

इस्पितळात डॉक्टर इंग्रजीत सांगतात. तेथेही हीच वाक्ये वापरावीत का?

नाही. औषध, शस्त्रक्रिया, कर्जाचा करार, पोलिसांतील जबाब यांपैकी काहीही असेल, तर तेथे इंग्रजीचा सराव करू नये. ‘डॉक्टर, मराठीत किंवा कोकणीत सांगाल का?’ असे सरळ विचारावे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात काय किंवा तालुक्याच्या इस्पितळात काय, डॉक्टरांना नाही तर परिचारिकेला आपली भाषा येत असण्याची शक्यता भरपूर असते. मग गोळ्या हातात घेऊन आपण समजलेले परत सांगावे : ‘ही पांढरी सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, ही लाल रात्री एकच, बरोबर ना?’ कागदावर ‘बिफोर फूड’ लिहिले आहे की ‘आफ्टर फूड’, हे दाखवून विचारावे. न समजलेल्या कागदावर सही करू नये. घरी नेऊन वाचून येतो, असे म्हणण्याचा संकोच बाळगू नये.

नोकरीच्या मुलाखतीत प्रश्न समजला नाही तर?

वेर्णा किंवा कुंडई औद्योगिक वसाहतीतील मुलाखतींना जाणाऱ्या तरुणांची ही नेहमीची चिंता आहे. एकदा ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ म्हणण्याने काहीही बिघडत नाही. दुसऱ्यांदा मात्र तेच म्हणू नये. प्रश्नाचा आवाका विचारावा. ‘टेल अस अबाउट अ चॅलेंज यू हँडल्ड’ असे विचारले आणि नेमके काय हवे ते कळले नाही, तर ‘डू यू मीन इन कॉलेज, ऑर इन माय लास्ट जॉब?’ असे म्हणावे. हा प्रश्न न समजलेल्या माणसाचा वाटत नाही, कारण तो खरोखरच विचारी माणसाचा प्रश्न आहे. शिवाय विचार करायला चार क्षण मिळतात. पाठ केलेले उत्तर न समजलेल्या प्रश्नाला चिकटवणे ही मुलाखतीतील सर्वांत मोठी चूक, आणि ती समोरच्यांना लगेच दिसते.

आयईएलटीएससारख्या परीक्षेत पुन्हा विचारले तर गुण कापले जातात का?

आयईएलटीएस ही परदेशी शिक्षणासाठी किंवा स्थलांतरासाठी दिली जाणारी इंग्रजीची परीक्षा. तिच्यातील बोलण्याच्या परीक्षेचे गुण चार गोष्टींवर दिले जातात : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. पुन्हा विचारणे हा त्यात वेगळा दोष म्हणून मोजलेला नाही. ही परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, तीन भागांची असते. तिसऱ्या भागातील चर्चेत ‘आर यू आस्किंग अबाउट गोवा ऑर अबाउट इंडिया इन जनरल?’ असा नेमका प्रश्न विचारणे अगदी स्वाभाविक ठरते. प्रत्येक प्रश्नाला विचारत बसले, तर ओघ तुटेल, हे उघड आहे. ऐकण्याच्या परीक्षेत मात्र ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते आणि विचारायला कोणीच नसते.

माझे मूल पाचवीत गेले आणि वर्गात गप्प बसू लागले. काय करावे?

हा प्रश्न पालक विचारतात तेव्हा त्यांच्या आवाजातील काळजी जाणवते, आणि ती रास्त आहे. चौथीपर्यंत मराठीत घडाघडा बोलणारे मूल अचानक गणित आणि विज्ञान इंग्रजीत ऐकू लागते. बाई ‘एनी डाउट्स?’ विचारतात, चाळीसातले कोणीच बोलत नाही, आणि तास पुढे सरकतो. मुलाला शंका असते, पण सगळेच समजलेले नसल्यामुळे कोठून विचारावे हे कळत नाही.

घरी ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी हो असेच येते. ‘आज विज्ञानात काय सांगितले ते मला मराठीत सांग’ असे म्हणावे. सांगता सांगता ते जेथे अडेल, तेथेच न समजलेला शब्द असतो. तो वहीच्या कडेला लिहायला लावावा आणि दुसऱ्या दिवशी बाईंना विचारण्यासाठी एकच वाक्य तयार करून द्यावे, उदाहरणार्थ ‘टीचर, व्हॉट डज इव्हॅपोरेशन मीन?’ पहिले काही दिवस तास संपल्यावर एकट्याने विचारले तरी चालेल. शिक्षकांनाही विनंती आहे, की मुलाने मराठीत किंवा कोकणीत विचारले तर ‘आस्क इन इंग्लिश’ म्हणून त्याला खाली बसवू नये. आधी उत्तर द्यावे, मग तोच प्रश्न इंग्रजीत कसा विचारायचा ते सांगावे. शंका विचारणारे मूल गप्प बसायला शिकले, तर त्याचे सगळेच विषय मागे पडतात.

दोनदा विचारूनही समजले नाही तर तिसऱ्यांदा विचारावे का?

विचारावे, पण मार्ग बदलून. ‘कुड यू राइट इट डाउन?’ म्हणून कागद आणि पेन पुढे करावे. मोबाइलवर लिहून मागावे. नकाशा, किमतीचा तक्ता किंवा वस्तू दाखवावी. तेही जमले नाही, तर ‘माय कलीग विल हेल्प यू, वन मिनिट प्लीज’ असे म्हणून सहकाऱ्याला बोलवावे. मात्र लगेच निघून जाऊ नये. सहकारी ते कसे सोडवतो हे शेजारी उभे राहून ऐकावे, म्हणजे तो शब्द पुढच्या वेळी आपल्याला ओळखता येईल.

याचा सराव घरी कसा करता येईल?

दोघे जण पुरतात. एकाने कदंब बसचे वेळापत्रक, एखादे दरपत्रक किंवा हॉटेलची नोंद इंग्रजीत वाचावी आणि प्रत्येक वाक्यातील एक शब्द मुद्दाम पुटपुटावा : ‘द बस टू वाळपई लीव्हज ॲट’ आणि पुढे नुसती गुणगुण. दुसऱ्याने ‘सॉरी?’ म्हणायचे नाही, हा नियम. त्याने ‘द बस टू वाळपई लीव्हज ॲट व्हॉट टाइम?’ असे निसटलेल्या भागाचेच विचारायचे. हे जमू लागले, की पुटपुटण्याऐवजी सगळे वाक्य भरभर वाचावे आणि ऐकणाऱ्याने शेवटी ‘लेट मी चेक’ म्हणून परत सांगावे. दोघांपैकी एकाचे इंग्रजी चांगले असण्याची गरज नाही.

एकट्याने करायचे असेल, तर मोबाइलवर इंग्रजी बातम्या लावाव्यात, दोन वाक्यांनंतर थांबवाव्यात, आणि जे निसटले त्याविषयी निवेदकाला विचारत आहोत अशा थाटात मोठ्याने प्रश्न करावा : ‘हाउ मेनी पीपल?’, ‘इन विच टाउन?’, ‘हू सेड दॅट?’ मग मागे जाऊन ऐकावे. रोज दहा मिनिटे पुरेत. सुरुवातीला उत्तरापेक्षा प्रश्न किती लवकर तोंडातून निघतो याकडेच लक्ष द्यावे.